मोजणाऱ्याचे मोजमाप: चाचणी-कॉल आणि प्रामाण्याचा प्रश्न

दूरध्वनीच्या बिलावर छापलेली रक्कम ही ज्ञानमीमांसेच्या दृष्टीने एक विधान असते. अमुक क्रमांकावरून अमुक दिवशी इतक्या सेकंदांचे संभाषण झाले आणि ठरलेल्या दराने त्याचे इतके पैसे झाले, असे ते विधान सांगते. आणि ते करणारा पक्ष तोच असतो, ज्याला त्यातून पैसे मिळायचे असतात. दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणाऱ्या यथार्थ ज्ञानाच्या साधनाला भारतीय दर्शनांत शब्दप्रमाण म्हणतात, आणि न्यायदर्शनाने त्यासाठी घातलेली अट अशी की, सांगणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह, असला पाहिजे. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण करताना दोन गोष्टी एकत्र आणल्या आहेत: त्याला विषयाचे साक्षात ज्ञान असले पाहिजे, आणि जसे जाणले तसेच सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही तो नोंदवतो. तेव्हा ते दूरसंचार कंपनीला आणि तिच्या संगणकप्रणालीला लावून पाहणे त्याच्या आशयाशी विसंगत ठरत नाही. बिलाची अचूकता तपासण्यासाठी आणि महसुलाची गळती शोधण्यासाठी कंपन्या जे स्वयंचलित चाचणी-कॉल करतात, त्यांनी या दोन अटींपैकी कोणती सिद्ध होते आणि कोणती सिद्ध होऊ शकत नाही, हा येथे विचाराचा विषय आहे.

प्रथम मोजणीची रीत पाहणे आवश्यक आहे. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमध्ये प्रत्येक ग्राहकाच्या नावे एक मीटर असे. ग्राहकाचा कॉल जोडला गेला की त्यावरील आकडा पुढे सरके, ठरावीक मुदतीने मीटरांच्या रांगांची छायाचित्रे घेतली जात, आणि मागच्या व चालू आकड्यांची वजाबाकी करून बिल तयार होई. कोणता स्थानिक कॉल कोणाला, केव्हा आणि किती वेळ झाला याची नोंदच नसल्यामुळे, जादा बिलाची तक्रार करणाऱ्या ग्राहकाकडे आपले म्हणणे सिद्ध करण्याचे साधन नसे आणि खात्याकडेही ते खोडून काढण्याचे साधन नसे. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आल्यावर प्रत्येक कॉलची स्वतंत्र नोंद होऊ लागली. तिला कॉल डिटेल रेकॉर्ड किंवा संक्षेपाने सीडीआर म्हणतात, आणि तीत कॉल करणारा, घेणारा, आरंभाची वेळ, कालावधी व मार्ग यांचा तपशील असतो. एक्स्चेंजमधून निघालेली ही नोंद ‘मेडिएशन’ या टप्प्यावर गोळा होऊन एकसारख्या स्वरूपात येते, ‘रेटिंग’च्या टप्प्यावर तिला ग्राहकाच्या योजनेतील दर लागतो आणि बिलिंगच्या टप्प्यावर ती रकमेत मिळवली जाते, प्रीपेड ग्राहकाच्या बाबतीत ही आकारणी कॉल चालू असतानाच शिल्लक रकमेतून होते. या साखळीतील प्रत्येक सांध्यावर चूक संभवते. नोंद हरवते किंवा दोनदा येते. लांब कॉलच्या नोंदीचे तुकडे पडून त्यांतील एखादा गळतो. मध्यरात्री दर बदलत असताना चालू असलेल्या कॉलला चुकीचा दर लागतो. नवा निःशुल्क क्रमांक दरपत्रकात चढवायचा राहतो. किंवा पलीकडून कोणी फोन उचलण्याआधीच उत्तर मिळाल्याचा संकेत येतो आणि नुसत्या वाजणाऱ्या घंटीचीही आकारणी सुरू होते.

या चुका शोधण्याचा सर्वांत सरळ उपाय म्हणजे चाचणी-कॉल. टेस्ट कॉल जनरेटर या यंत्रणेत निरनिराळ्या ठिकाणी सिमकार्डे बसवलेली उपकरणे ठेवतात; ती ठरलेल्या वेळापत्रकानुसार एकमेकांना किंवा निवडलेल्या क्रमांकांना कॉल करतात, ठरलेले सेकंद जोडणी धरून ठेवतात आणि स्वतःच्या घड्याळाप्रमाणे आरंभ व अंत टिपतात. मिनिटाच्या पल्सने, म्हणजे मिनिट हे आकारणीचे एकक धरून, दर लागत असेल, तर एकोणसाठ, साठ आणि एकसष्ट सेकंदांचे कॉल मुद्दाम केले जातात, कारण पूर्णांक करण्यातली चूक तेथेच उघडी पडते. नंतर उपकरणाची टिपणी आणि कंपनीच्या प्रणालीतून निघालेला सीडीआर व आकार ही दोन्ही समोरासमोर ठेवून तफावत काढली जाते. या कॉलवर कोणी कोणाशी बोलत नाही आणि कोणाला काही कळवायचेही नसते. ज्याचे सत्य आधीच ठाऊक आहे अशी एक घटना जगात घडवून आणायची आणि मोजणारी व्यवस्था तिच्याविषयी काय सांगते ते पाहायचे, एवढेच त्याचे प्रयोजन.

ही कल्पना नवी वाटली तरी तिचा तात्त्विक नमुना न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या आह्निकात स्पष्ट आढळतो. प्रमाणांनी प्रमेये, म्हणजे जाणावयाच्या वस्तू, सिद्ध होतात. पण प्रमाणे कशाने सिद्ध होतात, या आक्षेपाला उत्तर देताना न्यायसूत्रकार गौतमाने तराजूचा दृष्टान्त दिला आहे. वात्स्यायन त्याचे विवरण असे करतो की, सोन्याचे वजन जाणून घेताना तराजू हे प्रमाण आणि सोने हे प्रमेय असते, परंतु ज्ञात वजनाच्या सोन्याने दुसऱ्या तराजूची शहानिशा करायची झाली, तर तेच सोने प्रमाण होते आणि तराजू प्रमेयाच्या जागी येतो. प्रमाण आणि प्रमेय या वस्तूंच्या कायमच्या जाती नसून ज्ञानव्यवहारातील भूमिका आहेत, हा या दृष्टान्ताचा निष्कर्ष. चाचणी-कॉल हे ज्ञात वजनाचे सोने होय: एरवी ग्राहकाचे संभाषण मोजणारी बिलिंग प्रणाली त्या कॉलपुरती मोजली जाणारी वस्तू होते, आणि तिचे प्रामाण्य गृहीत धरण्याऐवजी तपासता येते.

मात्र बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त घेतलेला आक्षेप येथेही उभा राहतो. एक प्रमाण दुसऱ्याने सिद्ध होत असेल, तर दुसरे तिसऱ्याने सिद्ध करावे लागेल आणि या मालिकेला अंत राहणार नाही. या दोषाला अनवस्था म्हणतात. चाचणी-उपकरणाचे घड्याळ बरोबर आहे हे कशावरून? ते उपग्रहांकडून किंवा नेटवर्कमधून मिळणाऱ्या वेळेशी जुळवलेले असते. ती वेळ अणुघड्याळांवर आधारलेली असते. आणि 1967 पासून सेकंदाची व्याख्याच सीझियम-133 या अणूच्या 9,19,26,31,770 कंपनकालांनी केली जाते. परंतु व्याख्या निश्चित असली तरी ती प्रत्यक्षात उतरवणारे कोणतेही एक घड्याळ अंतिम मानले जात नाही. जगभरातील प्रयोगशाळांमधील शेकडो अणुघड्याळांच्या नोंदी पॅरिसजवळील आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयात एकत्र होतात, त्यांची भारित सरासरी काढली जाते, आणि प्रत्येक प्रयोगशाळेची वेळ त्या सरासरीपासून किती ढळली होती हे तिला मागाहून प्रसिद्ध होणाऱ्या मासिक पत्रकातून कळते; दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने सांभाळलेली भारतीय प्रमाणवेळही याच व्यवस्थेशी जोडलेली आहे. म्हणजे मालिकेच्या टोकाला स्वयंसिद्ध असा एखादा पाया सापडत नाही, तर एकमेकांना तपासणाऱ्या साधनांचा समुदाय सापडतो. गौतमाच्या दृष्टान्ताला हे अनुकूलच आहे, कारण अनवस्था टाळण्यासाठी त्याने अपरीक्ष्य असे काही कल्पिले नाही. शंका आली की कोणतेही प्रमाण प्रमेयाच्या जागी बसवता यावे, एवढीच त्याची अपेक्षा होती.

चाचणी-कॉलचे खरे सामर्थ्य अभावाच्या ज्ञानात दिसते. महसूल-सुरक्षेच्या कामात, म्हणजे ज्याला दूरसंचार व्यवसायात रेव्हेन्यू अ‍ॅश्युरन्स म्हणतात त्यात, एका टप्प्यावरील नोंदी पुढच्या टप्प्यावरील नोंदींशी ताडून पाहण्याची पद्धत सर्रास वापरली जाते आणि वाटेत हरवलेल्या नोंदी तिने सापडतातही. पण जो कॉल एक्स्चेंजने मुळात नोंदलाच नाही, तो कोणत्याही दोन याद्यांच्या तुलनेत दिसू शकत नाही, कारण तो दोन्हींत नाही. अभावाचे ज्ञान कसे होते यावर न्याय आणि भाट्ट मीमांसा यांचा दीर्घ वाद आहे. नैयायिक ते प्रत्यक्षातच समाविष्ट करतात, तर मीमांसक कुमारिल भट्टाचे अनुयायी त्यासाठी अनुपलब्धी हे सहावे प्रमाण मानतात. तरीही दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य आहे: ज्याचा अभाव आहे त्या वस्तूचे, म्हणजे प्रतियोगीचे, ज्ञान असल्याशिवाय अभाव कळत नाही, आणि ती वस्तू असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती असावी लागते. जमिनीवर घट नाही हे त्यालाच कळते, ज्याला घट म्हणजे काय हे ठाऊक आहे आणि ज्याच्या डोळ्यांसमोर पुरेसा उजेड आहे. नोंद नसलेल्या कॉलच्या बाबतीत या दोन्ही अटी सामान्यतः पुऱ्या होत नाहीत. चाचणी-कॉल त्या कृत्रिमरीत्या पुऱ्या करतो, कारण कॉल झाला हे तपासणाऱ्याला स्वतंत्रपणे ठाऊक असते आणि त्याची नोंद कोठे दिसायला हवी हेही ठाऊक असते.

या सामर्थ्याला मर्यादा आहे, आणि ती अनुमानाची आहे. केलेले सर्व चाचणी-कॉल बरोबर मोजले गेले, म्हणून ग्राहकांचे सर्व कॉलही बरोबर मोजले जातात, असे अनुमान केले जाते तेव्हा ‘जो कॉल तो बरोबर मोजलेला’ अशी व्याप्ती, म्हणजे अव्यभिचारी साहचर्य, गृहीत धरलेली असते. संख्याशास्त्राचा ठोकताळा असा की, यदृच्छेने निवडलेल्या 3,000 चाचण्यांत एकही चूक आढळली नाही, तर चुकीचे प्रमाण हजारात एकाहून अधिक नाही असे 95 टक्के विश्वासाने म्हणता येते. पण एवढ्या प्रमाणानेसुद्धा एक कोटी कॉलांमागे दहा हजार चुका शिल्लक राहू शकतात. त्याहून गंभीर प्रश्न संख्येचा नसून निवडीचा आहे, आणि त्यासाठी नैयायिकांनी उपाधी ही संकल्पना दिली आहे. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे हे अनुमान फसते, कारण ओल्या इंधनाची अट तेथे लपलेली असते. ही लपलेली अट म्हणजे उपाधी. चाचणी-कॉल बरोबर मोजला जातो तो कॉल म्हणून, की चाचणीच्या सिमकार्डावरून, ठरलेल्या मार्गाने आणि नेहमीच्या योजनेत केलेला कॉल म्हणून, हे वेगळे करता आले नाही, तर सगळ्या चाचण्या यशस्वी होऊनही अनुमान सोपाधिक, अर्थात सदोष, राहते.

उपाधी कधी आपोआप शिरते, तर कधी ती हेतुपुरस्सर घातली जाते. सिम बॉक्स या फसवणुकीच्या प्रकारात परदेशातून आलेले कॉल इंटरनेटवरून आणून अनेक सिमकार्डे बसवलेल्या पेटीतून स्थानिक कॉल म्हणून उतरवले जातात, आणि आंतरराष्ट्रीय कॉल उतरवण्याबद्दल कंपनीला मिळणारे शुल्क बुडते. ते ओळखण्यासाठी परदेशातून चाचणी-कॉल केले जातात. पलीकडे परदेशी क्रमांकाऐवजी स्थानिक मोबाइल क्रमांक दिसला की ते सिमकार्ड पकडले जाते. यावर फसवणूक करणाऱ्यांनी काढलेला प्रतिउपाय असा की, चाचणीचे क्रमांक हेरून तेवढे कॉल वैध मार्गाने सोडायचे आणि बाकीचे चोरवाटेने न्यायचे. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींचे 2015 साली उघडकीस आलेले प्रकरण याच तर्कदोषाचे उदाहरण आहे: प्रदूषणाची चाचणी चालू आहे हे ओळखणारे सॉफ्टवेअर गाडीत होते, त्यामुळे चाचणीच्या वेळी गाडी नियमात बसे आणि रस्त्यावर ती मर्यादेबाहेर नायट्रोजन ऑक्साइड सोडी. ज्याची परीक्षा घ्यायची त्याला परीक्षेची वेळ कळत असेल, तर परीक्षेतून त्याचे परीक्षेतले वर्तन तेवढे कळते.

चाचणीने पूर्ण निश्चिती मिळत नसेल, तर व्यवहार कशावर चालतो? याचे उत्तर मीमांसकांकडे आहे. सातव्या शतकातील कुमारिल भट्टाने ‘श्लोकवार्तिका’त मांडलेला स्वतःप्रामाण्यवाद सांगतो की, ज्ञान उत्पन्न होते तेव्हाच ते प्रमाण म्हणून स्वीकारले जाते आणि त्याचे अप्रामाण्य मात्र बाहेरून, म्हणजे बाधक ज्ञानाने किंवा कारणातील दोष कळल्याने, ठरते, शंका-निरसनासाठी तीनचार ज्ञानांच्या पलीकडे जाण्याची गरज नसते, असेही तो म्हणतो. नैयायिक उलट परतःप्रामाण्यवादी आहेत: ज्ञानाचे प्रामाण्य त्यावर आधारलेली कृती सफल झाल्याने, किंवा परिचित विषयात पूर्वीच्या सफल ज्ञानांशी असलेल्या साधर्म्याने, अनुमानित होते. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने ‘तत्त्वचिन्तामणी’त या वादाला सूक्ष्मतम रूप दिले. बिल भरणारा ग्राहक व्यवहारात मीमांसक असतो. रक्कम नेहमीपेक्षा फार वेगळी दिसत नाही तोवर तो ती खरी मानतो, आणि त्याने तसे मानले नाही तर व्यवहारच अशक्य होईल. कंपनीने मात्र नैयायिक असावे अशी अपेक्षा आहे, कारण ग्राहकाच्या विश्वासाचा भार तिच्या परीक्षेवर पडलेला असतो. ग्राहकाला बाधक सापडत नाही याचा अर्थ बाधक नाही असा होत नाही. बाधक शोधण्याची साधने त्याच्यापाशी नाहीत, एवढाच होऊ शकतो.

येथे आप्तत्वाची दुसरी अट पुढे येते. न्यायसूत्रांच्या आरंभी सांगितलेल्या सोळा पदार्थांत प्रमाण व प्रमेय यांच्या लगोलग संशय आणि प्रयोजन येतात, आणि हा क्रम अर्थपूर्ण आहे, कारण कोणता संशय घ्यायचा हे पुष्कळदा प्रयोजनच ठरवते. महसूल-सुरक्षेचे प्रयोजन तिच्या नावातच नमूद आहे: कंपनीला मिळायला हवा होता आणि मिळाला नाही, असा पैसा शोधणे. या प्रयोजनाने प्रेरित संशय नोंद न झालेल्या कॉलकडे, कमी लागलेल्या दराकडे आणि चोरवाटेने आलेल्या वाहतुकीकडे वळतो; दोनदा नोंदल्या गेलेल्या कॉलकडे किंवा लवकर सुरू झालेल्या आकारणीकडे वळण्याचे कारण त्यात अंतर्भूत नाही. यंत्र दोन्ही दिशांच्या तफावती सारख्याच निर्लेपपणे दाखवते; पण कोणत्या मार्गांवर आणि कोणत्या योजनांवर चाचण्या लावायच्या, आणि सापडलेल्या कोणत्या तफावतीचा पाठपुरावा करायचा, हे माणसे ठरवतात. म्हणून चाचणी-कॉलने कंपनीला विषयाचे ज्ञान आहे हे काही मर्यादेत सिद्ध होते, परंतु जसे जाणले तसेच सांगण्याची इच्छा आहे हे कितीही चाचण्यांनी सिद्ध होत नाही. ती इच्छा संशयाच्या दिशेतून व्यक्त होते.

चूक कोणत्या दिशेला झुकते याला असलेले हे नैतिक वजन कौटिल्याने नेमके ओळखले होते. ‘अर्थशास्त्रा’त वजनमापांवर देखरेख करणाऱ्या पौतवाध्यक्षाची कर्तव्ये सांगताना, वजने पाण्याने किंवा उष्णतेने कमीजास्त न होणाऱ्या पदार्थांची असावीत आणि दर चार महिन्यांनी त्यांची तपासणी व मुद्रांकन व्हावे, असा नियम आहे, मनुस्मृतीत राजाने दर सहा महिन्यांनी तुला व मापे पुन्हा तपासावीत असे म्हटले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कौटिल्य ठरावीक मर्यादेतला कमीजास्तपणा दोष मानत नाही, आणि विकत घेताना जड व विकताना हलके भरणारी तुला वापरणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र दुप्पट दंड सांगतो. दोन्ही बाजूंना झुकणारी चूक ही साधनाची मर्यादा असते; एकाच बाजूला झुकणारी चूक, ती कोणी मुद्दाम केलेली नसली तरी, जाणूनबुजून राहू दिली असेल तर साधन धारण करणाऱ्याचे चारित्र्य उघड करते.

भारतातील दूरसंचार नियमनाने हा विचार काही प्रमाणात कायद्यात उतरवला आहे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2006 साली मापन व बिलिंगच्या अचूकतेसाठी आचारसंहिता विनियमाद्वारे लागू केली आणि ट्रायच्या यादीतील लेखापरीक्षकाकडून दरवर्षी तपासणी बंधनकारक केली; 2023 साली त्या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. जादा आकारलेली रक्कम ग्राहकाला परत करावी लागते, आणि ज्यांना ती परत करणे शक्य होत नाही अशांचा पैसा 2007 च्या विनियमांनी स्थापन झालेल्या ग्राहक शिक्षण व संरक्षण निधीत जमा करायचा असतो. चुकीने हाती आलेला पैसा त्याचा मालक सापडला नाही म्हणून मोजणाऱ्याचा होत नाही, हे तत्त्व या तरतुदीत आहे. 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने दूरसंचार सेवेविषयीच्या तक्रारी ग्राहक न्यायमंचांपुढे नेता येतात हे स्पष्ट केले, त्यामुळे संशय घेण्याचा अधिकार केवळ कंपनीकडे आणि नियामकाकडे न राहता ग्राहकाकडेही आला.

या अधिकाराची गरज दिवसेंदिवस वाढत आहे. एका कंपनीचा कॉल दुसरीच्या जाळ्यात उतरवण्याबद्दल द्यावे लागणारे शुल्क 1 जानेवारी 2021 पासून देशांतर्गत मोबाइल कॉलांपुरते शून्य झाले, ठरावीक रकमेत अमर्याद बोलण्याच्या योजना सर्वसाधारण झाल्या, आणि मोजणीचा भार सेकंदांवरून डेटाच्या मेगाबाइटवर गेला. संभाषण किती वेळ चालले हे ग्राहक मनगटावरच्या घड्याळात पाहू शकत होता. किती डेटा खर्च झाला हे मात्र कोणत्याही इंद्रियाला कळत नाही, आणि फोनवरचा मापक दाखवतो तो आकडाही कंपनीच्या मोजणीशी तंतोतंत जुळेलच असे नाही. प्रत्यक्षाचा आधार जसजसा कमी होतो, तसतसा शब्दप्रमाणावरचा भार वाढतो आणि आप्तत्वाची अट अधिक कठोर करावी लागते.

न्यायदर्शनाने चर्चेचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत वाद हा तत्त्वनिर्णयासाठी असतो आणि जल्प हा विजयासाठी. प्रमाणे आणि तर्क दोहोंतही वापरले जातात, म्हणून केवळ ती वापरली गेली एवढ्यावरून त्यांतील भेद ओळखता येत नाही. चाचणी-कॉलही असाच दोन्ही रीतींनी वापरता येतो. केवळ गळती बुजवण्यासाठी तो वापरला तर तो हुशार जल्पाची सामग्री होतो. आणि ज्या चुकांतून स्वतःला लाभ होतो त्याच चुका आधी शोधायच्या, चाचणीचे मार्ग त्रयस्थाने निवडायचे आणि आढळलेली तफावत ज्याच्यावर तिचा परिणाम झाला त्याला सांगायची, अशा नियमाने तो वापरला तर बिल हे वादातले विधान होते. बिलिंग प्रणालीचे प्रामाण्य तिच्या यंत्रांच्या सूक्ष्मतेत जेवढे आहे त्याहून अधिक, ती चालवणारा पक्ष स्वतः प्रमेय व्हायला किती तयार आहे यात आहे.